फाटकावरची पेटी

इंदूरच्या बाहेर, खंडवा रोडवर, सिमरोलच्या अलीकडे आमची कॉलनी आहे. कॉलनी म्हणायचं आपलं. तीन बाजूंना सोयाबीन आणि चौथ्या बाजूने ते खायला येणाऱ्या नीलगायी. बिल्डरने प्लॉट विकायला काढले तेव्हा इथे दोन-तीनच घरं होती, म्हणून त्याने फाटकाच्या खांबावर पत्र्याची एकच टपालपेटी ठोकून दिली. पुढे घरं वाढली, बोअर वाढले, इंटरनेटच्या तारा आल्या. पेटी तेवढीच राहिली.

पोस्टमन गावातल्या शाखा डाकघरातून मोटारसायकलवर येतो आणि फाटकाच्या आत येत नाही. त्याचंही बरोबर आहे. पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरची काळी माती चाकाला अशी धरते, की मडगार्डखाली चिखल भरून गाडी जागच्या जागी उभी राहते. सही लागणारं स्पीड पोस्ट असलं की फोन करतो, ‘भैया, गेट पे आ जाओ.’ बाकी साधं टपाल सगळ्या घरांचं एकत्र पेटीत. साध्या टपालाला ना पावती, ना ट्रॅकिंग. पत्र हरवलं तरी ते आलं होतं हेच कळत नाही, मग तक्रार कशाची करणार?

पेटीला कुलूप आहे. किल्ली कुणाकडे, हा सोसायटीच्या मीटिंगमधला पाण्याच्या टँकरनंतरचा सगळ्यात मोठा विषय. प्रत्येकाने डुप्लिकेट करून घेतली, मग डुप्लिकेटवरून डुप्लिकेट. शेवटी एक किल्ली अशी निघाली, की तिने कुलूपच कायमचं उघडलं. आता ते नुसतं अडकवलेलं असतं, पोस्टमनचा मान राखायला.

आत हात घालण्यापूर्वी वाकून बघावं लागतं. एका कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर आहे, ते खरवडलं की आठवड्यात पुन्हा तयार. पालही अधूनमधून असते. तळाचा पत्रा गंजून तिथे एक भोक पडलंय. पहिल्या पावसात पाणी त्या भोकातून निघून जाईल असं वाटलं होतं, पण जातात ती बारकी पाकिटं. ओल धरली की लग्नपत्रिका विम्याच्या नोटिशीला चिकटते. सोडवायला गेलं तर मुहूर्त निम्मा फाटून येतो आणि हप्त्याच्या रकमेवर लाल गणपती उमटतो.

त्यातून आमच्याकडे जोशींची तीन घरं, आणि त्यातल्या दोघांची आद्याक्षरंही एकच. एकाच्या बँकेचं चेकबुक दुसऱ्याच्या टीपॉयवर पडून असतं. सारख्या नावांच्या गावांचा असाच घोळ देशभर होता, तो श्रीराम भिकाजी वेलणकरांनी सहा आकड्यांत निस्तरला. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड सुरू झाला. वेलणकर मराठी, शिवाय संस्कृतचे पंडित. त्यांच्या हिशोबात महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोघांचाही पहिला आकडा चार. पुण्याचे लोक इंदूरला फार लांब समजतात, पोस्टाच्या लेखी आम्ही एकाच चारातले. पण सहावा आकडा पोस्ट ऑफिसात संपतो. तिथून जोशांपर्यंत पोचायला आकडा नाही.

तोही आता आलाय म्हणा. २०२५ साली टपाल खात्याने डिजिपिन काढला. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण दिली. म्हणजे आमच्या ओट्याचा डिजिपिन वेगळा आणि झोपाळ्याचा वेगळा. पत्र मात्र अजून फाटकावरच.

हे सगळं इतकी वर्षं चाललं ते दोन माणसांमुळे. एक आजोबा. त्यांना तिकिटांचा नाद. त्यांच्या अल्बममध्ये होळकर संस्थानाचं १८८६ सालचं, दुसऱ्या तुकोजीरावांचं चित्र असलेलं तिकीट आहे, आणि ते बघायला गेलं की चहा होतोच. पाकीट कुणाचंही असो, तिकिटाचा कोपरा कात्रीने अलगद कापलेला मिळे. हल्ली पाकिटांवर शिक्केच जास्त, त्यामुळे आजोबांचा पेटीतला रस आटत चाललाय.

दुसऱ्या काकू. इंदुरात शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. संध्याकाळी फिरून येताना त्या पेटी रिकामी करायच्या, फाटकाच्या कट्ट्यावर गठ्ठे लावायच्या आणि घरोघर द्यायच्या. देताना वरचा मजकूर तोंडी सांगायच्या. ‘तुझा चलान आलाय रे, पलासियाचा सिग्नल असेल.’ कुणी कुरकुरलं, तर ‘पाकीट पारदर्शक होतं, मी काय डोळे मिटून घेऊ?’ मला विचाराल तर अशी एक चौकस बाई दहा कुलपांपेक्षा बरी. त्यांच्या हातून एकही पत्र वाया गेलेलं मला माहीत नाही.

पण तरुण मंडळींना प्रायव्हसी हवी होती. ठराव झाला, वर्गणी निघाली आणि फाटकापाशी प्रत्येक घराची वेगळी, नाव रंगवलेली पेटी लागली. काकूंचं काम संपलं. पोस्टमनने त्या रांगेकडे एकदा नीट पाहिलं, गाडीवरून न उतरता हात पोचेल अशी पहिली पेटी निवडली आणि तेव्हापासून सगळं टपाल त्यातच टाकतो.

पहिली पेटी मधल्या जोशांची. पेटीच त्यांची, तेव्हा पुण्याहून टपालाने येणारा माझा दिवाळी अंकही आधी तेच वाचतात. यंदा तो तुळशीच्या लग्नानंतर हातात पडला. विनोदी कथांच्या पानांवर चिवड्याचं तेल, राशिभविष्यात कन्या राशीखाली पेनाने रेघ आणि शब्दकोडं निम्मं सोडवलेलं. उरलेलं मी पूर्ण करायला घेतलंय, पण त्यांचं आडवं सात चुकलेलं आहे, त्यामुळे उभे तीनही शब्द अडलेत.