नॉरवुडची कमॅरो: चारपैकी मूळचे शॉकअप किती?

माझ्या जुन्या गाडीचा कुठला भाग कारखान्यातला मूळचा हे तपासतोय; गेल्या वेळी ब्रेकच्या पाइपांपर्यंत येऊन थांबलो होतो. आता शॉकअप. रंगकाम, इंजिन, सीटकव्हर यांवर माणसं रात्र-रात्र वाद घालतात, पण शॉकअप कुणी विचारत नाही. तेल ओकायला लागले की काढायचे, भंगारात टाकायचे आणि नवे लावायचे. म्हणूनच पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीखाली कारखान्याने बसवलेला शॉकअप सापडणं दुर्मीळ. त्यातही पुढचे टिकतात, मागचे जवळजवळ कधीच नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची माहिती थोडक्यात. 1969 ची शेवरोले कमॅरो, एसएस 350 (म्हणजे ‘सुपर स्पोर्ट’, 350 घन इंचांच्या इंजिनाची), अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवुड कारखान्याची. चेसिस नंबरमधलं ‘एन’ हे अक्षर नॉरवुडचं, कॅलिफोर्नियातल्या कारखान्याला ‘एल’. बॉनेट उघडल्यावर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) जो छोटा पत्रा दिसतो, त्यावर 02सी आहे, म्हणजे गाडी फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातली. त्याच पत्र्यावर एक्स55 हा एसएस 350 चा कोड असल्यामुळे गाडी खरीच एसएस आहे यावर तरी वाद नको. असे ‘एक्स’चे कोड नॉरवुडने डिसेंबर 1968 पासून मारायला घेतले. त्याआधीच्या गाड्यांच्या मालकांना आपली एसएस खरी आहे हे पटवून देता देता नाकी नऊ येतात.

या पत्र्यावरची तारीखच पुढच्या सगळ्या तपासाचा पाया आहे. गाडीवरचा कुठलाही मूळ भाग गाडीच्या आधी तयार झालेला हवा, आणि फार आधीही नको. काही दिवस ते काही आठवडे, इतकंच अंतर पटण्यासारखं. एक सावधगिरी मात्र हवी. 1969 चं मॉडेल नेहमीपेक्षा लांबलं होतं. पुढच्या पिढीची कमॅरो वेळेवर तयार झाली नाही म्हणून 1969 च्याच गाड्या नोव्हेंबरपर्यंत बनत राहिल्या, आणि सुरुवातीच्या गाड्या तर 1968 च्या शेवटी बाहेर पडल्या. त्यामुळे ‘69 च्या गाडीवर 68 चा शिक्का कसा’ म्हणून लगेच नाक मुरडू नका. आधी तुमच्या गाडीचा महिना बघा.

शॉकअप बनायचे ओहायोतच, डेटनला, जनरल मोटर्सच्या डेल्को प्रॉडक्ट्समध्ये. नॉरवुड सिनसिनाटीला लागून, आणि डेटनहून सिनसिनाटी नव्वद किलोमीटरच्या आत. माल बनून गाडीवर चढायला फार वेळ लागायचं कारण नव्हतं.

आता ओळखायचे कसे? पहिली खूण अंगावरची. त्या काळच्या डेल्को शॉकच्या नळीवर स्क्रूच्या आट्यांसारखी गोल फिरत गेलेली खाच असते. अमेरिकेत सगळे त्यांना ‘स्पायरल शॉक’ म्हणतात. रंग करडा. अंगावर डेल्को, डेटन, पार्ट नंबर आणि तारीख असे ठसे असतात. ‘प्लायासेल’ हे नावही दिसतं. ही आत तेलाच्या टाकीत बसवलेली, वायू भरलेली बंद पिशवी. साध्या शॉकमध्ये तेल आणि हवा एकमेकांत घुसळून फेस होतो आणि शॉक ढिला पडतो. हवा पिशवीत कोंडली की फेस होत नाही.

दुसरी खूण तपासायला डोळेही लागत नाहीत. शॉक गाडीवरून उतरवा, उभा धरा आणि दांडा आत दाबून सोडून द्या. तो जिथल्या तिथे राहिला तर जुन्या पद्धतीचा. आपोआप हळूहळू वर आला तर आत दाबाखालचा गॅस आहे, म्हणजे तो कुणीतरी नंतर बसवलेला. प्लायासेलच्या पिशवीत वायू असला तरी दांडा ढकलण्याइतका दाब तिच्यात नसतो. या एका परीक्षेने माझा मागचा उजवा शॉक जागच्या जागी बाद झाला. काळा, गुळगुळीत, आणि सोडल्याबरोबर दांडा बाहेर. विषय संपला.

मागचा डावा मात्र खेळवत राहिला. करडा, खाच बरोबर, डेल्कोचा ठसा बरोबर. माझ्या कोल्हापूरच्या मित्राने व्हिडिओ कॉलवर बघून लगेच ‘ओरिजिनल आहे, कशाला उकरतोस’ असा निकालही देऊन टाकला. पण तारखेवर अंडरकोटिंगचा, म्हणजे गंज लागू नये म्हणून गाडीच्या पोटाला मारतात त्या काळ्या लेपाचा, थर होता. वायर ब्रश लावायचा मोह होतो, पण तो लावला की रंग जातो आणि ठशाच्या कडाही बोथट होतात. मी रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून रात्रभर ठेवलं आणि सकाळी नायलॉनच्या ब्रशने हलकं घासलं. मग पातळ कागद ठेवून त्यावरून पेन्सिल आडवी फिरवली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून करायचो ना, अगदी तसंच. डोळ्यांना जे दिसत नव्हतं ते कागदावर उमटलं: 112, आणि पुढे 71.

ही तारीख महिना-दिवस अशी नसते. वर्षातला कितवा दिवस, तो आकडा आणि शेजारी वर्ष. 112 वा दिवस म्हणजे 22 एप्रिल, तोही 1971 चा. गाडी त्याआधी दोन वर्षं रस्त्यावर फिरत होती. कंपनी खरी, घडण खरी, पण भाग बदललेला. तारीख वाचली नसती तर हा शॉक मूळचा म्हणून सहज खपला असता, आणि बाजारात असे कितीतरी खपतात. ठशात ‘प्लेझरायझर’ असं नाव दिसलं तर तेवढी मेहनतही नको. तो डेल्कोचा दुकानात सुटा विकायचा माल.

डिकीच्या तळाशी, मागच्या बाजूला, रबराचं बूच मारलेलं एक भोक आहे. ते कारखान्याचं नाही. सत्तरच्या दशकात गाडीचं ढुंगण वर उचलायची फॅशन होती (दुसरा शब्द सुचत नाही, माफ करा). त्यासाठी गेब्रियल कंपनीचे ‘हाय-जॅकर्स’ किंवा तसलेच हवेचे शॉक बसवायचे. हवा भरायचा व्हॉल्व्ह बाहेर काढायला असं भोक पाडलं जायचं. मागचे मूळ शॉक टिकत नाहीत ते यामुळे. चांगले असले तरी निघायचे. आता हवेचे शॉक जोडीनेच लागतात. तेव्हा 71 चा हा डावा शॉक एकतर मधली काही वर्षं गाडीबाहेर पडून होता, नाहीतर दुसऱ्याच गाडीवरून आला. मला दुसरी शक्यता जास्त पटते, कारण त्याच्या खालच्या टोकाची झीज, ते टोक माझ्या गाडीत ज्या पट्टीला जोडतात तिच्यावरच्या खुणांशी जुळत नाही.

शॉक बसवण्याची पद्धतही बघून घ्या. 1967 च्या कमॅरोत मागचे दोन्ही शॉक ॲक्सलच्या पुढे होते आणि कमानीला एकच पाटा. जोरात ॲक्सिलेटर दिला की ॲक्सल पिळवटायचा, पाटा वळायचा, सुटायचा, परत वळायचा आणि चाकं थडथड उडायची. 1968 पासून शेवरोलेने एक शॉक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे घेतला. ॲक्सल कुठल्याही बाजूला पिळला तरी एक शॉक दाबला जातो, दुसरा ताणला जातो, आणि पीळ आवरला जातो. जोरदार इंजिनांच्या गाड्यांना अनेक पाट्यांची कमानही दिली. तेव्हा 69 च्या गाडीखाली दोन्ही शॉक पुढेच दिसले तर शॉकचे ठसे वाचत बसू नका, आधी ॲक्सल कुठून आला ते विचारा. माझ्या गाडीत एक पुढे, एक मागे आहे आणि कमान अनेक पाट्यांची, त्यामुळे निदान जागा तरी मूळच्या.

पुढचे दोन्ही काढणं हे खरं कष्टाचं काम. शॉक स्प्रिंगच्या आत बसतो. खाली दोन बोल्ट, वर एक नट, आणि सगळं सोडवलं की खालच्या आर्मच्या भोकातून तो खाली येतो. गंजलेला वरचा नट फिरवला की दांडाही सोबत गरगर फिरतो. बरेच मेकॅनिक इथे वैतागून दांडा कापतात. नवा बसवायचा असेल तर काहीच हरकत नाही, पण मूळचा वाचवायचा असेल तर कापू देऊ नका. दांड्याच्या टोकाला दोन सपाट बाजू असतात, त्या पान्यात धरायच्या. गंज सोडवायचं तेल आदल्या दिवसापासून मुरवायचं आणि इम्पॅक्ट गन लांब ठेवायची.

दोन्ही स्पायरल निघाले. डाव्यावर 023, उजव्यावर 028, दोन्हीपुढे 69. म्हणजे 23 आणि 28 जानेवारी, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यातल्या गाडीला अगदी शोभतील असे. वार काढून बघायचीही मला सवय आहे: गुरुवार आणि मंगळवार. रविवार आला असता तर भिंग घेऊन पुन्हा बसलो असतो. हल्ली नकली स्पायरल शॉकवर हवी ती तारीख मारून मिळते, आणि ठोकणारा कॅलेंडर बघतोच असं नाही. नकलीची शंका आणखी एका गोष्टीने फिटली. उजव्याच्या ठशातल्या आठच्या खाचेत जुना करडा रंग आणि त्यावर अंडरकोटिंग, असे दोन थर एकावर एक आहेत. थर असे आपसूक बसलेले असले की खोटेपणाला जागा फारशी उरत नाही.

दोन्ही पुढचे कामातून गेलेत. डाव्याचं तेल केव्हाच संपलंय, उजवा अर्ध्या वाटेत अडकतो. उघडून दुरुस्त करणारे आहेत, पण त्यासाठी नळी कापून पुन्हा वेल्ड करावी लागते. माझं मत विचाराल तर नको. ज्या खुणांसाठी तो जपायचा त्याच त्यात जातात. गाडीला चारही नवे शॉक बिल्स्टाइन कंपनीचे मागवलेत, रस्त्यावर तेच चालतील. जुने पुढचे दोन रंग न देता, पातळ तेलाचा हात फिरवून, पेन्सिलच्या कागदांसह डब्यात ठेवतोय. गाडी कधी प्रदर्शनात तपासणीला उभी राहिली तर तेवढ्यापुरते चढवीन.

मागच्यांसाठी जानेवारी 69 च्या तारखेची जोडी शोधणार का? नाही. दुसऱ्या गाडीचे मूळ शॉक माझ्या गाडीवर मूळ कसे होतील? 71 चा आहे तो काढून नुसता जपून ठेवतोय. पुढच्या भागात मागच्या कमानीचे पाटे सुटे करणार आहे, आणि बुश सगळे गेलेत हे आत्ताच दिसतंय.