सोलापूरची पेठ बिनधुराच्या गाडीने फिरायची असेल तर मधला मारुती ते कोंतम चौक या टप्प्याबद्दल आधी वाचा

आम्हाला सांगितलं होतं की सोलापूरच्या जुन्या पेठेत पेट्रोल-डिझेलचा थेंब न जाळता दिवसभर आरामात फिरता येतं. स्टेशनला उतरायचं, बॅटरीच्या रिक्षात बसायचं आणि सिद्धेश्वर, भुईकोट किल्ला, चाटी गल्लीचा कापडबाजार सगळं उरकायचं. सोबत एक व्हिडिओही आला होता, मोकळ्या रस्त्याचा. तो भल्या सकाळचा होता, एवढंच सांगायचं राहिलं होतं. मी आणि माझी मोठी नणंद भर अकराला पेठेत शिरलो आणि संध्याकाळी मीठ-पाण्याच्या गुळण्या करत बसलो. तुम्हीही याच बेताने जाणार असाल तर जरूर जा, पण पुढचं वाचून जा. दोन-चार किलोमीटर चालायची सवय, बरे बूट, टोपी आणि पाणी तुमच्याकडे आहे असं धरून लिहिते. एप्रिल-मे मध्ये मात्र जाऊच नका. पारा चाळिशी ओलांडतो आणि जुन्या पेठेत सावली शोधून सापडत नाही.

आधी रिक्षा. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. खासगी असेल तर अक्षरं पांढरी, भाड्याची असेल तर पिवळी. स्टेशनच्या दारातच अशी एक उभी होती. सिद्धेश्वर मंदिराजवळच्या पंचकट्ट्यापर्यंत किती, विचारलं तर 200 रुपये. "बॅटरीची गाडी आहे ताई. धूर नाही, आवाज नाही. रेट वेगळा पडतो." अंतर दोन किलोमीटरच्या आसपास. त्याच वाटेला शेअर रिक्षात लोक शिटाला 20 रुपये देऊन बसत होते. आम्ही धुराच्या गाडीत बसायचं नाही असं ठरवून आलो होतो, म्हणून 200 दिले, आणि ते मला दिवसभर सलत राहिले.

कारण हिशोब साधा आहे. विजेच्या तीनचाकीला किलोमीटरला साधारण 0.1 युनिट वीज लागते. म्हणजे स्टेशन ते पंचकट्टा पाव युनिटसुद्धा नाही. बॅटरीमुळे गाडीची किंमत जास्त, हप्ता मोठा, हे मला कळतं. पण 2018 पासून बॅटरीच्या वाहनांना परमिटची अट नाही, इंधनाचा खर्च पेट्रोलच्या मानाने किरकोळ, आणि तरी दोघींना मिळून 40 रुपयांच्या जागी 200? धूर न सोडणारी रिक्षा पाचपट महाग पडली तर कोण बसेल तिच्यात? घरी भाजी-किराण्याचा हिशोब ठेवणारी बाई तर नक्कीच नाही. शहराच्या मध्यभागी धूर नको असेल तर बिनधुराच्या रिक्षांचे शिटाचे दर ठरवून स्टेशनच्या दारात मोठ्या अक्षरांत लावायला हवेत. तोपर्यंत दारातली रिक्षा घेऊच नका. मोठ्या रस्त्यापर्यंत चालत या, हिरवी पाटी दिसली की "शिटाने सोडता का?" एवढंच विचारा. परतीला आम्हाला अशीच एक मिळाली, दोघींचे मिळून 60 रुपये. सिटी बस मिळाली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर गाडीची वेळ गाठू नका.

सिद्धेश्वर, तलाव, किल्ला हे सगळं छान झालं. त्याबद्दल कुणालाही विचारा, चांगलंच सांगतील.

आता तो टप्पा. मधल्या मारुतीपासून कोंतम चौकाकडे जाणारा रस्ता आणि चाटी गल्लीसकट तिथल्या बाजारगल्ल्या. लांबी काहीच नाही, पण आम्हाला तिथून बाहेर पडायला पाऊण तास लागला. दोन्ही बाजूंना दुचाक्या, त्यांच्या पुढे हातगाड्या, आणि उरलेल्या जागेत माल उतरवणारे टेम्पो. टेम्पो थांबतो, मागे रांग लागते, रांगेतली एकही गाडी इंजिन बंद करत नाही. आमच्या पुढच्या टेम्पोतून चादरींच्या गाठी उतरत होत्या. त्याच्या सायलेन्सरचं तोंड थेट एका टॉवेलवाल्याच्या दुकानाकडे. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दादा, माल उतरेपर्यंत बंद करा की गाडी." तो म्हणाला, "बॅटरी उतरलीय मावशी. बंद केली तर धक्का कोण मारणार?" त्याची अडचण खरी होती. पण पाच मिनिटांत रांगेतल्या बाकीच्यांनाही विचारलं तर प्रत्येकाचं कारण वेगळं आणि इंजिन चालूच.

टॉवेलवाले काका बाहेर आले आणि दारात टांगलेला एक पांढरा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. "काठ चोळा जरा." चोळला. अंगठ्याला राखाडी पट्टा उमटला, काजळीसारखा बुळबुळीत. सकाळी टांगलेला टॉवेल होता तो. काका म्हणाले, बाहेर टांगलेला नग संध्याकाळपर्यंत कमी भावात द्यावा लागतो, आणि टांगला नाही तर गिऱ्हाईक आत येत नाही. वन्संना तिथेच खोकल्याची उबळ आली. काकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मास्क घेऊन जा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. कापडी नको, एन-95 घ्या. रुमालाने काही होत नाही.

2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूरचं नाव आहे, म्हणजे इथली हवा मानकात बसत नाही हे सरकारदरबारी नोंदलेलं आहे. ते वाचताना काही वाटत नाही. अंगठ्यावर उमटल्यावर वाटतं.

दुकानात बसूनच माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही दोघी रिक्षाने आलो की चालत, याने पेठेतल्या धुरात फारसा फरक पडत नाही. धूर मालाचा आहे. काकांनी समोरच्या गल्लीकडे बोट दाखवून सांगितलं, "या गल्लीत रोज पाच-सहा ट्रान्सपोर्टचे टेम्पो येतात. प्रत्येकात निम्मी जागा रिकामी. कुणाची दोन बोचकी, कुणाची चार. सगळ्यांचा माल बाहेर एका गोडाऊनला उतरवून एकाच गाडीने फिरवला तर दोन खेपांत संपतं. पण एकत्र बसवणार कोण?"

शहराच्या मध्यभागातल्या धुराचा हा प्रश्न जगात अनेक शहरांनी सोडवायला घेतला आहे. लंडनच्या मध्यभागी 2019 पासून जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचे साडेबारा पौंड भरावे लागतात, आणि 2023 मध्ये तो नियम सगळ्या शहराला लागू झाला. तिथे निकष गाडीचा धूर हा आहे, गाडी कुणाची आहे हा नाही. नेदरलँड्समधल्या ॲमस्टरडॅम, रॉटरडॅमसारख्या शहरांनी 1 जानेवारी 2025 पासून मध्यभागात मालवाहू गाड्यांपासूनच सुरुवात केली. नवीन नोंदणीची व्हॅन बिनधुराचीच हवी, जुन्या गाड्यांना टप्प्याटप्प्याने मुदत. आणि ती तारीख व्यापाऱ्यांना, वाहतूकदारांना कित्येक वर्षं आधी माहीत होती, त्यामुळे गाडी बदलायची वेळ आली तेव्हा लोकांनी त्याच हिशोबाने गाडी घेतली. आपल्याकडे दिल्लीने 2021 मध्ये विजेच्या लहान मालगाड्यांना नो एंट्रीच्या वेळांतून सूट दिली. मला हे सगळ्यात पटलं. दंडाच्या आधी बक्षीस. आणि माथेरान तर आपलंच. दस्तुरी नाक्याला गाडी ठेवायची म्हणजे ठेवायची, याबद्दल तिथे कुणी वाद घालत नाही.

सोलापुरात जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा आठवावी. संक्रांतीला सात नंदीध्वज 68 लिंगांच्या वाटेवर निघतात तेव्हा याच शहरातली वाहनं बाजूला होतात, रस्ते वळवले जातात, आणि धंदा उलट वाढतो. देवस्थान, महापालिका, पोलीस, मानकरी, दुकानदार हे सगळे एका वेळापत्रकावर येतात म्हणून ते होतं. पेठेलाही तेच लागणार आहे.

यातलं काहीही मात्र हमालांना विचारल्याशिवाय ठरवू नये. गाठी उतरवणाऱ्या मामांना विचारलं, लहान बॅटरीच्या गाड्या आल्या तर तुमचं काय? त्यांनी घाम पुसत सांगितलं, "आमची हमाली नगावर आहे. गाडी लहान असो मोठी असो, नग तेवढेच. पण बाहेरच्या गोडाऊनला दुसरी टोळी लावली तर आमचं पोट जातंय." हे ठरवणाऱ्या बैठकीत या मामांना खुर्ची नसेल तर पहिल्याच आठवड्यात योजना बंद पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चाटी गल्लीत मुद्दाम परत गेलो. शटर बंद, रस्ता झाडलेला. हिरव्या पाटीची एक मालवाहू तीनचाकी आली. साधारण 500 किलो माल बसतो हिच्यात. आवाज आला तो फक्त कडीचा, फाळका खाली पडल्याचा. दोघांनी तीन दुकानांच्या दारात बोचकी उतरवली आणि पाचेक मिनिटांत गाडी निघूनही गेली. वन्सं म्हणाल्या, "काल इथेच मरत होतो का गं आपण?" मला तिथे उभ्या उभ्या इतका आनंद झाला की आजपासून गल्लीच्या दोन्ही तोंडांना दोर बांधावा असं वाटलं. अजूनही वाटतं. सगळं शहर नको, एक चाटी गल्ली घ्या. सकाळी दहापर्यंत माल, त्यानंतर बॅटरीची गाडी, हातगाडी आणि माणसं. तेवढं आधी करून दाखवा.

स्वतःची इलेक्ट्रिक कार घेऊन पेठेत शिरायचा विचार असेल तर तो सोडा. धूर नसला तरी ती जागा तेवढीच अडवते, टायरची आणि ब्रेकची धूळ उडवते, आणि तिच्यामागे अडकलेला टेम्पो धूर सोडतच राहतो. कार मुक्कामाच्या जागी लावा, चार्जिंगचं आधी फोनवर विचारून घ्या. वीज बनवतानाचा धूर कुठे सुटतो हेही लक्षात असू द्या. दक्षिण सोलापूर तालुक्यात एनटीपीसीचा 1320 मेगावॅटचा प्रकल्प कोळशावरच चालतो. तरी मी पेठेत बॅटरीचीच गाडी मागेन, कारण काकांच्या टॉवेलपासून टेम्पोची नळी एक हातावर आहे आणि त्या चिमणीचा धूर निदान उंचावरून सुटतो. चिमणीवरची लढाई वेगळी लढावी लागेल.

जाणाऱ्यांनी सकाळी सातला सुरुवात करा. तलाव आणि किल्ला आधी, पेठ दहाच्या आत. खरेदी करायची तर दुकानं उघडल्या उघडल्या चादरी-टॉवेल घ्या आणि अकराच्या आत मधला मारुती सोडा. पुन्हा जायचंच असेल तर थेट रात्री. चाकांची बॅग आणू नका, त्या गर्दीत ओढता येत नाही. खरेदी जास्त असेल तर दुकानदाराकडूनच गाठ बांधून घ्या आणि हातगाडीने स्टेशनला पाठवायला सांगा. हातगाडीवाल्याशी भाडं दुकानदारासमोर ठरवा, चढवणं-उतरवणं त्यात धरून. आमची गाठ आमच्याआधी स्टेशनला पोचली होती.