काडीतला घड

रविवार, रात्री साडेदहा

आज निफाडला मामाच्या द्राक्षबागेत जाऊन आले. फळांसाठीच्या ऑक्टोबर छाटणीला पंधरा-सोळा दिवस झालेत आणि परवा रात्री पावसानं झोडपलं. गाडीतून उतरताना मामाशी काय बोलावं ते सुचत नव्हतं. तो मात्र वाकून एकेका फुटीची पानं उलटून पाहत होता, मागे डाउनी रोगाची पांढरी बुरशी धरलीय का ते.

"मामा, किती गेलं?"

"ते संध्याकाळी मोजू. आख्खी बाग एकदम पाहिली ना, की हातपाय गळतात. आत्ता हा वेल बघू."

मग त्यानं दोन बोटांत एक कोवळी फूट धरून दाखवली. पानांच्या बेचक्यात करंगळीच्या नखाएवढा घड. म्हणाला, हा आज दिसतोय, पण काडीत, म्हणजे वेलाच्या फांदीत, तयार झाला एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, नवी काडी वाढते तेव्हा, उन्हाळ्यात. तेव्हा काडीकडे लक्ष दिलं नाही तर आता कितीही औषध मारा, घड येत नाही.

परतताना चांदोरी मागे पडेपर्यंत माझ्या डोक्यात तेच होतं.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पंचवटीतल्या दोन खोल्या सोडून गंगापूर रोडला फ्लॅट घेतला. ताबा मिळाला त्या रात्री सामान यायचं होतं, तर सतरंजी टाकून चौघं ओळीनं झोपलो. पहाटे उठून बाल्कनीत गेले तर झाडांच्या फटीतून गोदावरी दिसली. मला रडू आलं होतं. आणि आता? त्या बाल्कनीत मी फक्त कपडे वाळत घालायला जाते. डोक्यात पार्किंग, हप्ता, आणि समोरच्या इमारतीतले मोठे हॉल. नदी आहे तिथेच आहे.

१९७८ साली मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांना विचारलं होतं. इतरांपेक्षा ते फारसे सुखी निघाले नाहीत. मला लागलं ते पुढचं: मैत्रिणीशी गप्पा, सकाळची न्याहारी अशा रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी भरली. मोठं सुख अंगवळणी पडतं, आणि जाताना लहान सुखांची चवही घेऊन जातं.

तरी "समाधान मानून घ्या" हा सल्ला मला कधीच पटला नाही. ज्याच्या डोक्यावर गावच्या सोसायटीचं शेतीकर्ज आहे त्याला तो देणं क्रूर आहे. मामानं काही मानून घेतलेलं नाही. संध्याकाळी त्यानं खरंच मोजलं, नुकसान बरंच आहे, आणि ते सांगताना त्याचा आवाज बसला होता. पण दिवसभर त्याची नजर शाबूत फुटीवरून हलली नाही. मन असं वळवायला सवय लागते. मामानं ती बहुधा चांगल्या वर्षांतच लावून घेतली असणार, कारण पाऊस पडल्यावर ऐन वेळी ती कुठून आणणार?

म्हणून आजपासून रोज झोपण्यापूर्वी इथे दोन-तीन गोष्टी लिहिणार आहे, नेमक्या, नावागावासकट.

आजच्या: मामीनं डब्यात दिलेली मेथीची भाजी, अजून कोमट होती. धाकटीनं न सांगता घासलेला कुकर. आणि बाल्कनीतली दोरी काढून तिथे खुर्ची ठेवली. आत्ता अंधारात नदी दिसत नाही, पण वारा तिकडूनच येतोय.