घरच्या मैदानावर भोपळा

14 नंबरच्या ट्राममध्ये समोर एक आजी-आजोबा बसले होते. आजोबांच्या अंगात कडक इस्त्रीचा कोट, हातात छत्री आणि दोन्ही गालांवर चमकी. आजींच्याही गालांवर तीच. चेहरे मात्र बँकेत निघाल्यासारखे. 17 मे 2025 चा शनिवार, गाव स्वित्झर्लंडमधलं बाझल, आणि त्या रात्री तिथे युरोव्हिजनची, म्हणजे देशादेशांच्या गाण्यांच्या स्पर्धेची, अंतिम फेरी होती.

माझा आतेभाऊ इथे औषध कंपनीत आहे. "चार तास गाणी ऐकायला एवढे पैसे?" म्हणत दादाने अंग काढून घेतलं. मग वहिनी आणि मी, दोघीच निघालो. खरा कार्यक्रम सांक्ट याकोब हॉलमध्ये. तिथली तिकिटं आम्हाला कुठली मिळायला! आम्ही शेजारच्या फुटबॉल स्टेडियममध्ये, भल्यामोठ्या पडद्यासमोर, छत्तीसेक हजार लोकांत. लग्न हॉलमध्ये, आणि आम्ही मांडवाबाहेर.

हा सोहळा भरवायच्या खर्चावर गावाने आधी मतदान केलं होतं, हे वहिनीकडून कळलं. एका छोट्या पक्षाने त्याविरुद्ध सह्या गोळा केल्या, म्हणून नोव्हेंबर 2024 मध्ये सार्वमत झालं. पावणेचार कोटी फ्रँकचा प्रश्न. दोन तृतीयांश लोक हो म्हणाले. "आमच्याकडे काय, कर भरायचा, मत नाही," वहिनी म्हणाली. नागरिकत्व नाही ना अजून.

एकूण 37 देश, अंतिम फेरीत 26. गाणं तीन मिनिटांचं, मंचावर जास्तीत जास्त सहा माणसं, गळा खरा पण वाद्यं आधी रेकॉर्ड केलेली. एक गाणं संपलं की छोटीशी फिल्म दाखवतात, आणि तेवढ्यात मंचावरचा सगळा पसारा बदललेला असतो. मला तर गाण्यांपेक्षा त्या न दिसणाऱ्या हमालांचंच कौतुक वाटत होतं. गाणी? खरं सांगायचं तर निम्मी मी विसरले. ऑस्ट्रियाचा जेजे विसरणं शक्य नाही. व्हिएन्नाच्या ऑपेरात गाणारा हा पोरगा बाईच्या पट्टीत सूर लावतो आणि गाणं शेवटी टेक्नोच्या धडधडाटात जाऊन पडतं. आजूबाजूची बडबड थांबली होती तेव्हा.

एकोणिसावं गाणं यजमान स्वित्झर्लंडच्या झोए मेचं. जन्म याच गावचा. मंचावर एकटी, फ्रेंच गाणं, अगदी हळू आवाज. छत्तीस हजारांत एवढी शांतता मी आधी ऐकली नव्हती. वहिनीने मत द्यायला लगेच फोन काढला, मग परत पर्समध्ये टाकला. स्वतःच्या देशाला मत देता येत नाही! आपल्याकडे गावातला पोरगा टीव्हीवर अंतिम फेरीला पोचला की एसटी स्टँडवर फ्लेक्स लागतात, मतांसाठी घरोघरी फोन जातात. इथे ते दारच बंद. वहिनीने शेवटी एस्टोनियाच्या कॉफीवरच्या गाण्याला मत दिलं. तेही धमाल होतं, नाही असं नाही.

मध्यरात्रीनंतर परीक्षकांचे गुण आले. ऑस्ट्रिया 258, दुसरं स्वित्झर्लंड 214. आमच्या पुढची बाई लाल झेंडा खांद्यावर घेऊन उभी राहिली ती बसेचना. आता प्रेक्षकांचे गुण. ते जाहीर करतात परीक्षकांच्या यादीत तळाला असलेल्यापासून, म्हणजे स्वित्झर्लंड शेवटून दुसरं. ब्रिटनला शून्य मिळालं तेव्हा आम्ही सगळे फिदीफिदी हसलो होतो. इस्रायलला 297 मिळाले, एकूण 357 झाले आणि ते वर जाऊन बसले. मग झोए मेचा चेहरा पडद्यावर आला.

शून्य.

पुढची बाई तशीच उभी. झेंड्याचं एक टोक तिने तोंडात धरलं होतं, लहान मुलं फ्रॉकचं धरतात तसं. पडद्यावरची झोए मात्र हसली. मला ते बघवेना. वहिनी म्हणाली, "अगं, वाईट कुणालाच वाटलं नसेल तिचं गाणं." खरंच होतं ते. प्रत्येक देशाचे प्रेक्षक फक्त पहिल्या दहांना गुण देतात. सगळीकडे अकरावी आलीस तरी भोपळाच.

रडायला वेळही मिळाला नाही, कारण पुढच्याच मिनिटाला ऑस्ट्रिया. जिंकायला 100 हवे होते, मिळाले 178. एकूण 436. स्टेडियम उसळलं. त्या बाईनेही टाळ्या वाजवल्या, झेंडा काखेत धरून. झोए मे दहावी आली.

घरी पोचेपर्यंत दोन वाजून गेले होते. दादा सोफ्यावर, डोळे मिटलेले. "झोपलो होतो रे बाबा," म्हणाला. रिमोट पोटावर. आम्ही चपला काढतोय तोवर आतून आवाज आला, "पण काय गं, एकालाही वाटू नये तिला एक गुण द्यावा?"