गिरफ्तारी पत्रकावरची वेळ

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने रिमांड वकील म्हणून काम करते. वकील करण्याची ऐपत नसलेल्या आरोपीला पोलीस पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात, तेव्हा त्याच्या बाजूने बोलायचे, असे हे काम. रविवारी सुटीच्या न्यायालयात सगळ्यांनाच घरी जायची घाई असते, मलाही असते.

त्या रविवारी दुपारी दुचाकीचोरीच्या संशयावरून एका तरुणाला आणले होते. गिरफ्तारी पत्रकावर शनिवार, सायंकाळी 7 ही वेळ होती. राज्यघटनेच्या कलम 22 प्रमाणे, प्रवासाचा वेळ सोडून, अटकेपासून 24 तासांच्या आत आरोपीला हजर करावे लागते. त्या हिशेबाने कागद चोख होता. दाराशी उभी असलेली त्याची आई मात्र म्हणाली, "ताई, शुक्रवारी दुपारी भरल्या ताटावरून उठवून नेलं हो त्याला." काही पुरावा आहे का, असे विचारताच तिने मोबाइल पुढे केला. शुक्रवारी रात्री साडेनऊला ठाण्यातल्या हवालदाराने तिला फोन करून पोरासाठी डबा आणायला सांगितले होते, आणि तो क्रमांक आता त्या पोराचा दंड धरून उभ्या असलेल्या हवालदाराचाच निघाला. बिचाऱ्याने माणुसकी दाखवली आणि तीच कागदाच्या मुळावर आली.

आमच्याच राज्यातून गेलेला एडीएम जबलपूर खटला प्रत्येक वकिलाला ठाऊक असतो. आणीबाणीतही बंदीप्रत्यक्षीकरणाच्या, म्हणजे डांबलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा अशा, याचिका ऐकता येतील, हे उच्च न्यायालयांचे म्हणणे सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी चार विरुद्ध एक मताने फिरवले. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना पुढे डावलून त्यांच्या कनिष्ठाला सरन्यायाधीश केले गेले. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने कलम 20 आणि 21, म्हणजे शिक्षेबाबतचे संरक्षण आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, आणीबाणीतही निलंबित करता येणार नाहीत अशी तजवीज झाली, आणि 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकालच मोडीत काढला. याचे मोल मोठे आहे. पण रोजच्या व्यवहारात स्वातंत्र्य हातचे जाते ते छापील नमुन्यात भरलेल्या खोट्या वेळेमुळे आणि ती न वाचता होणाऱ्या सहीमुळे. तिथवर कुठलीही घटनादुरुस्ती आपोआप पोहोचत नाही, कोणाला तरी विचारावे लागते.

त्या दिवशी दंडाधिकाऱ्यांनी विचारले. "तुम्हें कब लाए थे?" तो हवालदाराकडे पाहू लागला. त्यांनी पोलिसांना बाहेर जायला सांगितले, तोच प्रश्न पुन्हा केला आणि "शुक्रवार को" हे उत्तर जसेच्या तसे आदेशपत्रिकेत लिहिले. मोबाइलमधली नोंद स्वतः पाहिली. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात कारणे न नोंदवता कोठडी देऊ नये, हे अर्नेशकुमार खटल्यात 2014 सालीच ठरलेले आहे, याची मी आठवण करून दिली. ती बहुधा अनावश्यकच होती. कोठडीची मागणी फेटाळून तरुणाला जातमुचलक्यावर सोडण्यात आले, आणि शुक्रवारपासूनचा रोजनामचा सान्हा (ठाण्यातल्या रोजच्या नोंदींची वही) व ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण सादर करण्याचा आदेश झाला. ठाण्याठाण्यांत कॅमेरे बसवा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये बजावले होते खरे, पण चित्रण मागणारे फार थोडे.

ठाण्याचे उत्तर आले आहे: त्या दिवसांत रेकॉर्डर बंद होता. आम्ही मोबाइल कंपनीकडून कॉलची नोंद मागवण्यासाठी अर्ज दिला आहे, आणि त्याच्या आईला तूर्त फोन बदलू नका म्हणून सांगून ठेवले आहे.