तुम्ही विचारलंत म्हणून: गोल्फ खेळत नसाल, तरी सेंट अँड्र्यूजला जाच

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे समुद्रकाठचं गाव गोल्फसाठी जगप्रसिद्ध आहे. एडिनबरोला आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास विचारतात, "आम्हाला गोल्फमधलं काही कळत नाही, मग सेंट अँड्र्यूजला जाऊन करायचं काय?" माझं उत्तर ठरलेलं आहे. गोल्फ राहू द्या, तिथल्या किल्ल्याखाली खणलेले सुरुंग, म्हणजे भुयारं, बघायला जा.

मार्च १५४६ मध्ये कार्डिनल बीटन या बड्या कॅथलिक धर्मगुरूने जॉर्ज विशार्ट या प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाला या समुद्रकाठच्या किल्ल्यासमोर जाळलं. मे महिन्यात काही प्रोटेस्टंट किल्ल्यात घुसले, त्यांनी बीटनचा खून केला आणि किल्ला बळकावला. सरकारी फौजेचा वेढा पडला. तट पाडण्यासाठी बाहेरून खडकात सुरुंग खणायला सुरुवात झाली, तेव्हा आतल्यांनी घावांचा आवाज ऐकत उलटा सुरुंग खणायला घेतला. आधी अंदाज चुकले, वेगळ्या ठिकाणी पुन्हा खणलं आणि अखेर ते शत्रूच्या सुरुंगाला भिडलेच. आज हे दोन्ही सुरुंग आतून पाहता येतात. आतल्यांचा अरुंद, वाकडातिकडा, कमरेत वाकून जावं लागेल असा. त्यातून पुढे गेलं की बाहेरच्यांचा ऐसपैस. कोणाला किती घाई होती, जिवाची भीती कोणाला होती, हे त्या खडकावर हात ठेवला की कळतं. इतिहास इतका जवळून मला दुसरीकडे क्वचितच भेटला आहे.

पुढच्या वर्षी फ्रेंच जहाजांच्या तोफांपुढे किल्ला पडला. पकडलेल्यांत जॉन नॉक्स हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होता. त्याला फ्रेंच गलबतावर वल्ही मारायला लावलं. तोच १५५९ मध्ये इथे येऊन कॅथलिक पंथाविरुद्ध प्रवचनं देऊ लागला आणि लोकांनी इथलं कॅथेड्रल, म्हणजे कॅथलिकांचं मुख्य चर्च, लुटलं. बाराव्या शतकात बांधायला घेतलेलं, १३१८ मध्ये स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या उपस्थितीत अर्पण झालेलं, स्कॉटलंडमधलं सर्वांत मोठं चर्च होतं ते. आता काही भिंती आणि पूर्वेकडची कमान उरली आहे. बाकीचे दगड पुढे गावातल्या बांधकामांत गेले. शेजारचा सेंट रूल मनोरा मात्र ३३ मीटर उंच, अजून ताठ उभा आहे. चढता आला तर अवश्य चढा.

आणि गोल्फचं म्हणाल, तर रविवारी जा. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी ओल्ड कोर्स या इथल्या जुन्या गोल्फ मैदानावर खेळ बंद असतो आणि त्या जगप्रसिद्ध हिरवळीवर लोक मुलाबाळांसह, कुत्र्यांसह फिरतात. या माळावर गावकऱ्यांचा हक्क १५५२ च्या सनदेतही मान्य केलेला आहे. मला हे फार आवडतं.

गावात रेल्वे स्टेशन नाही, १९६९ मध्ये ते बंद झालं. एडिनबरोहून रेल्वेने या, जवळच्या लूकर्स स्टेशनला उतरा, तिथून बस मिळते. आईबाबांना घेऊन जाणार असाल आणि त्यांचे गुडघे दुखत असतील, तर त्यांना सुरुंगात नेऊ नका. किल्ल्यातून समुद्र छान दिसतो, तिथे निवांत बसू द्या.