भरतीच्या कागदावर लिहिलं होतं ‘पेसमेकर’

काटोलकडचे संत्रा बागायतदार, सत्तरीच्या पुढचे. पित्ताशय सुजलेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी दुर्बिणीतून ऑपरेशन. भरतीच्या कागदावर ‘पेसमेकर आहे’ एवढंच. मी नागपूरच्या धंतोलीतल्या एका रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट आहे. छातीचा एक्स-रे माझ्यासमोर आला तेव्हा धाकटा मुलगा बाहेर उभा होता. मशीनची माहिती असलेलं कार्ड विचारलं तर म्हणाला, “कार्ड तं घरीबी नाही भेटलं जी. बाबाले बॅटरी बसवली, एवढंच माहीत हाय. तेव्हा मोठा भाऊ होता सोबत, तो गेला.”

मी नेहमी मशीनच्या डबीपासून सुरुवात करून एकेक तार टोकापर्यंत बघते. डबी डाव्या हासळीखाली, नेहमीपेक्षा मोठी. एक तार हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात आकड्यासारखी वळलेली. दुसरी उजव्या खालच्या कप्प्याच्या टोकाला, पण तिचा शेवटचा भाग ठळक पांढरा आणि जाड. पेसमेकरची तार शेवटपर्यंत बारीकच असते. ही शॉक कॉइल होती. म्हणजे छातीत आयसीडी होतं: गरज पडली तर ठोके देणारं, आणि जीवघेणी धडधड सुरू झाली तर आतून शॉक देणारं.

तसाच भूलतज्ज्ञ मॅडमना फोन लावला. कारण ऑपरेशनच्या वेळी मशीनच्या जागी छातीवर ठेवतात तो मॅग्नेट पेसमेकर आणि आयसीडी या दोन्हींवर वेगळं काम करतो. पेसमेकरवर ठेवला की तो आजूबाजूचं काही न ऐकता ठरलेल्या गतीने ठोके देतो. आयसीडीवर ठेवला की साधारणपणे फक्त शॉक थांबतो, ठोके देण्याची पद्धत तीच राहते. ह्यांच्या ईसीजीत तर जवळजवळ प्रत्येक ठोका मशीनचा होता. कॉटरीच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या शस्त्रक्रियेच्या उपकरणाच्या, लहरी मशीनला हृदयाचे ठोके वाटल्या असत्या, तर मॅग्नेट असूनही ठोके देणं थांबलं असतं.

“कंपनी कोणती, ते सांगता येईल?” मॅडमनी विचारलं. हे कळणं भागच होतं, कारण एका कंपनीचा प्रोग्रामर, म्हणजे बाहेरून मशीनची सेटिंग बदलायचं यंत्र, दुसरीच्या मशीनशी बोलत नाही. डबीवर एक्स-रेत दिसणारी अक्षरं असतात. डबीचा भाग मोठा केला, उजेड कमी-जास्त केला, तर अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली. डबी आत पालथी झाली असावी. वाचण्यापुरती प्रतिमा फिरवली आणि लगेच पूर्ववत केली. फिरवलेली प्रतिमा सेव्ह झाली तर डावं-उजवं बदलतं, हे मी शिकाऊ मुलांना सारखं बजावते. अक्षरं वाचताच येत नसतील तर डबीचा आकार आणि बॅटरीची ठेवण बघून कंपनी ओळखायची ‘कार्डिया-एक्स’ नावाची पद्धत 2011 मध्ये प्रसिद्ध झाली आहे. इथे तिची गरज पडली नाही.

सकाळी कंपनीचा माणूस त्यांचा प्रोग्रामर घेऊन आला. शॉक बंद केला, ठोके ठराविक गतीवर लावले, छातीला बाहेरून शॉक देणारे पॅड चिकटवले. ऑपरेशन झाल्यावर सगळं पुन्हा सुरू केलं. ही शेवटची पायरी राहिली तर माणूस शॉकच्या संरक्षणाविना घरी जातो, म्हणून मी स्वतः विचारून खात्री करून घेतली.

मुलाला एक्स-रेवरची जाड तार दाखवली. “मंग आता कोणी विचारलं तं काय सांगू जी?” मोबाईलमध्ये त्या एक्स-रेचा फोटो काढायला लावला, खाली ‘आयसीडी’ आणि कंपनीचं नाव टाइप करून घेतलं, आणि नव्या कार्डासाठी कंपनीच्या माणसाशी त्याची गाठ घालून दिली.